डाग

मसुरीचं रोप मी कधी पाहिलेलं नाही.
आमच्या मातीत ते उगवत नाही.
उलानबातरच्या बाजारात डाळ येते पिशवीतून,
आणि माझ्या तळघरातल्या प्रयोगशाळेत येतं ते
बर्फात पुरलेलं, पेराएवढ्या कुपीत,
मसुरीच्या दाण्यातलं एक प्रथिन.
त्याला एकच काम येतं:
साखर ओळखणं.

चहात पडते ती साखर नव्हे.
प्रत्येक पेशी अंगावर साखरेची लव घेऊन जगते,
फांद्या, उपफांद्या, टोकाला एखादा कण,
आणि शेजारीण ती लव चाचपते,
आंधळ्या म्हातारीनं नातवाचा चेहरा चाचपावा तशी.

यकृत बिघडतं तेव्हा आधी काहीच दुखत नाही.
आत एक विकर असतं, कणाला कण जोडणारं,
जुन्या कारागिरासारखं, हाताला कुठे थांबायचं ते ठाऊक असलेलं.
एके दिवशी त्याचा हात सुटतो.
एक फांदी पुरे होती तिथे तीन,
काहीच नको होतं तिथे फ्यूकोज,
दिवसपाळी, रात्रपाळी,
आणि बस म्हणणारं कुणी नाही.

हे मी दाशझेवेगला सांगत होते.
मंदलगोवीकडचा घोडेवाला, वय एकसष्ट,
डॉक्टरांचं ऐकून झालं होतं, पटलं नव्हतं.
"ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं सांगावं,"
म्हणून जिने उतरून आला, टोपी हातात.

"बाहेरून घुसलंय का हे?"
"नाही. तुमच्याच कळपातलं आहे.
फक्त डाग बदललाय."

तेव्हा तो हसला.
"डाग बदलणं मला नको शिकवूस, पोरी."
माझ्या नोंदवहीच्या मागच्या पानावर
त्यानं पेन्सिलीनं चंद्रकोर काढली,
त्याच्या बापाची निशाणी, डाव्या मांडीवरची.
चोर ती पुसत नाही. पुसता येतच नाही.
तो एक रेघ वाढवतो,
शेपटीकडे दोन फाटे देतो,
चंद्राचा मासा होतो
आणि घोडा तुझ्या देखत दुसऱ्याचा.

"मग तुम्ही ओळखता कसा?"
"केस भिजवायचे.
ओल्या कातड्यावर जुनी रेघ वेगळी उठते, नवी वेगळी."

मी त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.
काचेवर त्याचंच यकृत, भाताच्या शितापेक्षा बारीक,
त्यावरून मसुरीचं पाणी फिरलेलं,
आणि जिथे जिथे रेघ वाढलेली तिथे हिरवं.
तो एक डोळा मिटून पाहत राहिला.
"पुष्कळ आहेत," म्हणाला,
संध्याकाळी कळप मोजतानाच्या आवाजात.

मग, बऱ्याच वेळानं:
"लोखंड कुणी तापवलं?"

मी यादी सांगायला तोंड उघडलं, विषाणू, वर्षं, दारू,
तर तोच म्हणाला,
शाळेत टोचायला आले होते एका हिवाळ्यात.
आम्ही बत्तीस पोरं, सुई एक.
पाणी उकळत होतं स्टोव्हवर,
पण रांग लांब होती, आणि त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.
बाई चांगली होती. प्रत्येकाला खडीसाखर दिली.

शस्त्रक्रियेची तारीख त्यानं घेतली नाही.
एप्रिलात घोड्या वितात.
मी म्हटलं, विकराला एप्रिल कळत नाही.
तो म्हणाला, घोडीला तरी कुठे कळते
तुमची तारीख.
टोपी घातली, आणि दाराशी थांबून
यंत्राला हलकेच थोपटलं,
जनावराला थोपटतात तसं.

घरी येऊन मी मसुरीची डाळ चढवली.
ती उकळते तेव्हा आतलं ते प्रथिन उलगडतं,
सगळी घडी मोडते,
आणि मग त्याला कुठलीच साखर ओळखू येत नाही,
कोण आपलं, कोण वाट चुकलेलं, काहीच नाही.
झाकण थरथरत होतं. मी आच कमी केली नाही.
नोंदवहीचं ते पान अजून फाडलेलं नाही.